वीतभर चुना

मी देवळं धुतो. कोणी धंदा विचारला तर एवढंच सांगतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघतो. तो ठरलेला असतो: म्हणजे नेमकं काय करता? सरकारी भाषेत माझ्या कामाला पाषाण-संवर्धन म्हणतात, पण बीडच्या ज्या गल्लीत मी राहतो तिथे हा शब्द वापरला तर लोक मला मुतखड्याचं औषध विचारतील. तेव्हा सोप्या भाषेत सांगतो. जुन्या दगडी देवळांवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे जे फासलं, ते दगडाला न दुखवता उतरवायचं. शेंदूर, तेल, काजळी, चुना, ऑइलपेंट, सिमेंट आणि अलीकडे टाइल्स.

यातला शेंदूर सुटतो. ऑइलपेंट चिकाटीने सुटतो. सिमेंट सुटत नाही, ते दगडाचा पापुद्रा सोबत घेऊनच निघतं. आमच्याकडचा काळा पाषाण कितीही टणक असला तरी त्यातून ओल ये-जा करत असते. सिमेंटने ती कोंडली की आतला क्षार दगड फोडून बाहेर येतो. चुना मात्र ओलीला वाट देतो, त्यामुळे त्याखालचं कोरीव काम बहुधा शाबूत मिळतं. हे मी आजवर कित्येक देवस्थान समित्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि सिमेंट लावलं.

माझी हत्यारं म्हणजे बांबूच्या तासलेल्या काड्या, नायलॉनचे ब्रश, कागदाचा ओला लगदा आणि एका दंतवैद्याने टाकून दिलेले दात कोरायचे आकडे. तारेचा ब्रश नाही, अ‍ॅसिड नाही, छिन्नी तर नाहीच. दिवसभरात तळहाताएवढा भाग साफ झाला तर तो दिवस चांगला. माझे मिस्त्री बशीरभाई लोकांना सांगतात, "हम देव का दात घासते." यावर हसू येतं, पण कामाचं याहून नेमकं वर्णन मला जमलेलं नाही.

गिऱ्हाईकांबद्दल काय लिहू? एका समितीने जुना रंग मन लावून काढून घेतला. का, तर नवा रंग नीट बसावा म्हणून. सिरसाळ्याकडच्या एका गृहस्थाच्या आजोबांचं नाव मारुतीच्या गदेवर ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. ते म्हणाले, देवाचं काढा, आजोबांचं राहू द्या. एका गावात शेंदराच्या जाड थराखालून गणपती निघाला, सोंडेवरची वळी सुद्धा मोजता यावी असा. बायका बघायला आल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदाने. त्या म्हणत होत्या की मी देवाला उघडा केला. दुसऱ्या दिवशी शेंदराचा डबा घेऊन आल्या.

पण मला ज्या देवळाबद्दल लिहायचं आहे ते बीडजवळच्या पालीच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगरात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी तिथे जाऊन आपलं नाव कोरू नये.

त्याला 'राजाचं देऊळ' म्हणतात. कोणता राजा हे विचारू नका. मी विचारलं होतं. पायरीवर बसलेल्या तिघांनी तीन राजे सांगितले, चौथा म्हणाला राजा नव्हताच, राणी होती. दोन प्राध्यापक येऊन गेले. एकाने देऊळ यादवांच्या पदरात टाकलं, दुसऱ्याने त्यांच्या आधीच्या चालुक्यांच्या, आणि आता ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दाराजवळ शिलालेख आहे. त्यात नेमकं जिथे राजाचं नाव असावं, तिथे कोणीतरी पणती ठेवायला कोनाडा कोरला आहे.

पाहुणे विचारतात, त्या काळात एवढे दगड आणले कुठून? आणले नाहीत. देऊळ बांधलेलंच नाही, डोंगराचा कडा वरून खाली कोरत आणला आहे. आधी छत, मग खांबांची डोकी, सगळ्यात शेवटी फरशी. खांब उभे केलेले नाहीत, त्यांच्या भोवतीचा दगड काढून टाकला आहे. यात चूक झाली तर दगड बदलता येत नाही. मागच्या अंगाचा एक खांब अर्धाच सुटलेला आहे, बाकीचा अजून डोंगरातच आहे. राजा मेला, खजिना आटला की दुष्काळ पडला, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मी मोजमापावरून एवढंच सांगू शकतो की डावीकडचे खांब उजवीकडच्यांपेक्षा नेटके आहेत, म्हणजे कारागिरांच्या दोन तुकड्या असाव्यात. याला लोक इतिहास म्हणत नाहीत. लोकांना राजा लागतो.

या देवळाच्या खांबांवरचा चुना काढायचा हुकूम मला कार्तिकात मिळाला. पुरातत्त्व कार्यालयाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावली होती की कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. शिरूर कासारकडे जसं होतं तसंच या गावाचं. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं आणि घरांना कुलपं लागतात. हरकत ज्यांची असणार ते उसाच्या फडात, आणि सूचना फळ्यावर. मी कार्यालयातल्या साहेबांना फोनवर हे बोललो. ते म्हणाले, मुदत संपली, हरकत आली नाही, काम सुरू करा. देवस्थान समितीचे अध्यक्ष दादाराव, ज्यांना गाव अण्णा म्हणतं, त्यांनी तर नारळच फोडला.

चुना बोटाच्या पेराएवढा जाड होता, आणि कांद्यासारखा थरावर थर. गाभाऱ्याच्या दाराशी उजवीकडे जो खांब आहे त्यावर सगळ्यात जाड. तो खांब मी आणि बशीरभाईंनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. संक्रांतीच्या सुमाराला त्यातून एक मृदंगवाला बाहेर आला. मान किंचित कलती, डोळे मिटलेले, आणि बोटांना नखं. दगडाच्या माणसाला नखं! बशीरभाईंनी हातातली काडी खाली ठेवली आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही. मीही सांगितलं नाही.

पाडव्याच्या अलीकडे टोळ्या परतल्या. गावात ट्रॅक्टर, भांडीकुंडी, पोरं, शेळ्या अशी झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई देवळात आली. साठीची असेल, हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. तिच्या मागे तिची सून. बाईने खांबाला हात लावला, मग तळवा उलटा करून बघितला. पांढरं काही लागलं नव्हतं.

"कावून काढलं वो सायेब?" ती म्हणाली. "आमी समदे मेलतो का?"

ही गयाबाई. मी तिला कार्यालयाची सूचना, मुदत, सगळं क्रमाने सांगितलं. ती म्हणाली, फळा वाचाया आमी गावात होतो का. हेच मी साहेबांना विचारलं होतं. मग मी तिला मृदंगवाला दाखवला. तिने तो नीट, खाली बसून बघितला. सुनेलाही बघायला लावला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर ह्येला बघून काठी हालायची न्हाई."

तेव्हा मला कळलं ते असं. चैत्रात या देवळाची यात्रा भरते. महादेवाची काठी म्हणजे पागोटं गुंडाळलेला, मोरपिसं लावलेला उंच बांबू. ती देवळातून निघून गावाला फेरी घालते. पण गाभाऱ्याच्या उजव्या खांबाला गयाबाईच्या घरचा चुना लागल्याशिवाय काठी जागची हलत नाही. तो त्या घराचा मान. गयाबाईला जमीन नाही, घर गावाच्या टोकाला, वर्षातले सहा महिने उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत. पण त्या एका सकाळी पाटलांची बैलजोडी, अण्णांचे कडक इस्त्रीचे कपडे, बँडवाले, सगळे उन्हात उभे राहून तिच्या बादलीची वाट बघतात. तिचा नवरा असताना तो लावायचा. तो गेल्यावर भावकीतले पुरुष पुढे आले होते, तिने त्यांना बादलीला हात लावू दिला नाही. आता गुडघे गेले, म्हणून यंदा साऱ्या गावासमोर सुनेच्या, संगीताच्या, हाती बादली द्यायची होती. त्यासाठी दोघी आपली टोळी फडावरच सोडून, दुसऱ्या टोळीच्या ट्रॅक्टरने आठवडाभर आधी आल्या होत्या.

हा मान कुठून आला? गाव सांगतं की राजाने देऊळ बांधलं तेव्हा चुन्याची भट्टी त्यांच्या पूर्वजांची होती. मी म्हणालो, बांधलं नाही, कोरलंय. कोरलेल्या देवळाला चुना लागत नाही. सांगणारा म्हातारा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. आणि 'चुना लावणे' यावरचा जो विनोद तुम्हाला आत्ता सुचला, तो मी त्या महिन्यात इतक्या जणांकडून ऐकला की आता पुरे.

मी कार्यालयात फोन केला. साहेब म्हणाले, संरक्षित म्हणजे संरक्षित, एक ठिपका सुद्धा चालणार नाही. मी म्हणालो, मग यात्रेचं काय? ते म्हणाले, यात्रा आपल्या अखत्यारीत येत नाही.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, चुना नाही तर काठी नाही, आणि काठी नाही निघाली तर पाऊस बघा मग. दुसरा तट अण्णांचा. अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सायेब. ह्या निमतानं त्यो मान बंद पडंल. फुडल्या सालापासून समिती सोनेरी ऑइलपेंट देती, एक लंबर दिसंल." ते ऐकून मी त्या क्षणी गयाबाईच्या बाजूला गेलो. तत्त्वासाठी म्हणून नाही. कोरीव दगडावरचा सोनेरी ऑइलपेंट काढायला काय लागतं ते मला माहीत आहे.

मी एक तोड काढली. मागचा तो अर्धवट खांब. त्यावर नक्षी नाही, चुन्याने काही बिघडायचं नाही, साहेबांना तिकडे जायची सवय नाही. मोठ्या उत्साहाने मी गयाबाईच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्यात पाव्हण्याला गोठ्यात जेवाया बसिवत्यात का?" तिने विचारलं.

उंबरा सुचवला, बाहेरची दीपमाळ सुचवली. ती नुसती मान हलवत राहिली. चहा मात्र दिला. जाताना संगीता दारात म्हणाली, आत्याबाई रात्री उठून बसत्यात. 

यात्रेच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा पटांगण भरलं होतं. काठी भिंतीला टेकवलेली. ती उचलणारे कमरेला शेले बांधून तयार, पण कोणी हात लावत नव्हतं. गयाबाई खांबाजवळ बादली घेऊन उभी होती. बादली नवीन होती. तिने चुना लावायचा प्रयत्न केला नाही, आरडाओरडा केला नाही, नुसती उभी राहिली. ऊन चढायला लागलं. कोरलेल्या देवळाचं अंगण म्हणजे तीन बाजूंनी कडा आणि वरून सूर्य. दगड तव्यासारखा तापतो. लोक अनवाणी, पाय आलटून पालटून टेकत होते. अण्णा एकदा गयाबाईकडे, एकदा माझ्याकडे येऊन जात होते. बँडवाल्यांनी एकच गाणं तिसऱ्यांदा सुरू केलं.

आता आमच्या धंद्यातली एक शिस्त सांगायला हवी. आम्ही कोणतंही काम पुरतं साफ करत नाही. एक छोटा तुकडा जाणूनबुजून जसाच्या तसा ठेवतो. त्याला आम्ही साक्ष म्हणतो. उद्या कोणी विचारलं की इथे आधी काय होतं, याने खरडून काही घालवलं तर नाही, तर दाखवायला पुरावा हवा. इथली साक्ष मी त्याच उजव्या खांबावर ठेवली होती, गाभाऱ्याकडच्या अंगाला. वीतभर चौरस जुना चुना, चारही कोपरे काटकोनात. ती बाजू बाहेरून दिसत नाही, म्हणून गावात कोणाला ती ठाऊक नव्हती. आणि मला ठाऊक असून ती उपाय म्हणून सुचली नव्हती, कारण साक्षीला हात लावणं म्हणजे कोर्टातल्या साक्षीदाराला पढवणं. मी ते कधी केलेलं नाही. ज्यांनी केलं त्यांच्यासोबत काम करणं मी सोडलं आहे.

बशीरभाईंनी माझ्या कोपराला धरलं आणि डोळ्यांनी खांबाची ती बाजू दाखवली. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "साब, चूने पे चूना. फत्तर कू क्या होता?" दगडाला काही होत नव्हतं, हे खरं होतं. साक्षीचं काय होत होतं ते त्यांनाही कळत होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं फक्त दगडाबद्दल.

मी साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही, इथे रेंज नाही," आणि फोन ठेवला.

मग मी पिशवीतून कागदी चिकटपट्टी काढली, रंगारी कडा आखायला वापरतात ती. साक्षीच्या चारही बाजूंना लावली, नखाने दाबून बसवली आणि गयाबाईला बोलावलं.

तिने वाकून बघितलं. "येवढाच?"

"एवढाच."

तिने आपला पंजा ताणून त्या चौकोनावर ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर बसला. थोडा वेळ तिने हात तसाच ठेवला. मग हात काढून म्हणाली, "खांब तर त्योच हाय." आणि वळून, सगळ्यांना दिसेल अशी, बादली संगीताच्या हातात दिली.  संगीताने कुंचल्याचा एक हात उभा मारला, एक आडवा. मी पट्टी सोडवली. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ आल्या. पाठीमागे 'हर हर महादेव' झालं आणि काठी उठली. मृदंगवाल्यावर एक थेंब उडाला होता, तो बशीरभाईंनी ओल्या फडक्याने टिपला.

साक्ष म्हणून तो तुकडा निकामी झाला, हे मी अहवालात स्वच्छ लिहिलं. त्यावर कोणी काही विचारलं नाही. मला मात्र ते अजून सलतं. आपल्या हातून शाबूत राहावी अशी एकच वीत मी त्या खांबावर ठेवली होती.

मला वाटलं, विषय संपला. पुढच्या चैत्राच्या तोंडावर अण्णांचा फोन आला: पट्टी घेऊन कवा येताव? मी तेव्हा परभणीकडे एका कामात अडकलो होतो. म्हणालो, पट्टी कोणत्याही दुकानात मिळते, कोणालाही लावता येते. वर बशीरभाईंना गुंडाळी देऊन पाठवलं. दहाच्या सुमाराला त्यांचा फोन. पट्टी त्यांनी लावली होती, माझ्याहून सरळ लावली असणार. पण काठी हलत नव्हती. गयाबाईचं म्हणणं होतं, ज्याचा हात त्याचाच लागतो. मी चिडलो, फोनवर बराच बोललो, आणि गाडी काढली. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तापलेल्या अंगणात गाव उभं होतं. मी दिसल्यावर कोणी रागावलं नाही, उलट वाट करून दिली. लहान मुलाला समजवावं तशी गयाबाई मला म्हणाली, "मान घराचा आस्तो सायेब. धाडून द्यायचा नस्तो." माझ्या हातात नारळ दिला. बशीरभाईंची पट्टी काढून मी त्याच जागी पुन्हा लावली.

तेव्हापासून मी दर चैत्रात जातो. बायको म्हणते, आपल्या घरच्या कुळधर्माला तुम्ही कधी वेळेवर उठला नाहीत. खरं आहे. मी तिला समजावतो की न गेलो तर अण्णा सोनेरी डबा घेऊन तयारच आहेत. ती म्हणते, असं काय, आणि माझा धुतलेला पांढरा सदरा काढून ठेवते.

यंदा गेलो तेव्हा कॉलेजची काही मुलंमुली आली होती. तोच म्हातारा, भट्टीची गोष्ट सांगणारा, त्यांना देऊळ दाखवत होता आणि ती मोबाइलवर त्याचं बोलणं टिपत होती. उजव्या खांबाशी आल्यावर तो म्हणाला, "राजानं हुकूम सोडला, चुना रेघंच्या भाईर जाता कामा न्हाई. म्हून आदी पट्टी, मग चुना. तवापासून ही रीत हाय."

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, असं काही नाही, राजाबिजाचा संबंध नाही. ही पट्टी मी लावायला सुरुवात केली, आत्ता, थोड्या वर्षांपूर्वी, आणि ती कागदाची असते.

मुलांनी मोबाइल माझ्याकडे वळवले. म्हातारा खूश झाला.

"हां, ह्येच ते," तो त्यांना म्हणाला. "पट्टीचा मान ह्यांच्याच घराण्याकडं हाय. सायेब, तुमच्या मागं कोण लावणार हो?"

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. चैत्रात तिला सुट्टी मिळेल की नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. बोलायला मी तोंड उघडलं. पण ऊन डोक्यावर आलं होतं, संगीता बादली घेऊन उभी होती, आणि मागे लोकांचे पाय भाजत होते. मी वाकलो आणि पट्टी लावली. मग ओळंबा धरून बघितला. डावी कड केसभर तिरकी गेली होती. काढली, आणि पुन्हा लावली.